काळं बटण

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्ष का हरला, यावर शिवाजी पेठेतल्या आमच्या दुकानात आठ दिवस वाद चालला आणि त्या वादात माझ्या आईचं माहेर कायमचं बुडालं. दिल्लीचा आणि तुमच्या घरचा काय संबंध, असं मला पुष्कळांनी हसून विचारलंय. हसणाऱ्याचं काय जातंय! एकदाचं सगळं सांगून टाकते, मग खुशाल हसा.

एकोणसत्तर सालातला ऑगस्ट. मी सव्वीस वर्षांची. सासर दोनच गल्ल्या सोडून, त्यामुळं लग्न झाल्यावरही आबांच्या दुकानात काज-बटणाला रोज जाणं सुटलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. शिंपी. दुकानात दोन मशीन, एक आबांचं आणि एक चाचांचं. चाचा मुसलमान, पेठेतच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. दोघं पोरवयात एकाच माणसाच्या हाताखाली शिकले आणि तेव्हापासनं शेजारी शेजारी बसून शिवत आले. दोघं एकमेकांना मास्तर म्हणायचे. आमच्याकडं शिंप्याला मास्तरच म्हणतात, पण हे दोघं म्हणायचे तेव्हा त्यात लाड असायचा.

आमच्या दुकानात शिवलं जायचं ते फक्त पांढरं. टोप्या, सदरे, लेंगे. सभा कुठंही असो, निम्म्या डोक्यांवर आमच्या टोप्या. आबांना त्याचा भारी गर्व. कोण रंगीत कापड घेऊन आलं तर सरळ वाटेला लावायचे, "पलीकडं जावा, हितं फकस्त पक्षाचं शिवतोय." कसला पक्ष आणि कसलं काय! पक्षातलं एक माणूस आबांना नावानं ओळखत नव्हतं. टोप्या न्यायला यायचे ते सुद्धा "ओ टोपीवाले" म्हणून हाक मारायचे. पण आबांना ते दिसायचंच नाही. माणसाला एकदा वेड लागलं की लागलं.

पण त्या वादाचं सांगायच्या आधी मला सहा वर्षं मागं जायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

जिल्ह्यातल्या शिंप्यांची एक सोसायटी होती. अकरा संचालक, आणि त्यांच्यातनंच एक चेअरमन. त्या साली आबा चेअरमनला उभे राहिले, आणि त्यांच्या विरोधात महाद्वाराकडचे एक शिंपी. मतदान गुप्त ठरलं. आता गुप्त कसं करायचं? दोघातिघांना लिहायची अडचण. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातनं निघालं की प्रत्येकानं आपापल्या दुकानातनं एक बटण मुठीत आणायचं आणि झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात टाकायचं. पांढरं टाकलं तर मत आबांना. काळं टाकलं तर दुसऱ्यांना. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या माणसांनी बटणं टाकली असती तर एक वेळ चाललं असतं. शिंप्याला बटण दाखवलं की ते सदऱ्याचं का कोटाचं, कुणाच्या दुकानातलं, सगळं तो झोपेतसुद्धा सांगतो. आणि हे अकरा शहाणे बटणं टाकून गुप्त मतदान करायला बसले!

आबांची सहा मतं पक्की होती. स्वतःचं, चाचांचं, माझ्या मामाचं आणि आणखी तिघांचं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गारगोटीत त्याचं दुकान होतं. तिथले वकील, शाळांतले हेडमास्तर त्याच्याकडनं कोट शिवून घ्यायचे. त्याच्यासारखा कोट अख्ख्या जिल्ह्यात कोण शिवत नव्हतं, आणि त्या अकरांत कोट शिवणारा तो एकटाच होता. डबा उघडला. पांढरी पाच, काळी सहा. त्या सहांतली पाच होती सदऱ्याची, बारीक. सहावं होतं जाड, चार भोकांचं, कोटाचं.

आबांनी ते दोन बोटांत धरून सगळ्यांच्या पुढं नाचवलं. "कोट कोण शिवतंय हितं?"

मामा उठून उभा राहिला. "दाजी, म्या पांढरं टाकलंय. अक्काची आन!" अक्का म्हणजे माझी आई, त्याची थोरली बहीण.

"माझ्याच बायकोची आन घिऊन खोटं बोलालायस व्हय रं?" आबा म्हणाले. "आजपास्नं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. आणि तुझी अक्काबी तिकडं येणार न्हाय."

हे सगळं आबांनीच घरी येऊन सांगितलं, तावातावानं, दोनदा. आईनं एकदाच विचारलं, "त्यानंच टाकलं का वो खरंच?" आबा म्हणाले, "बटण बोलतंय की!" आई आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. नवऱ्याला विचारलं, भावाला विचारलं नाही. त्या काळी कोण विचारणार? नवरा म्हणाला म्हणजे झालं.

त्या वेळी मामाचा एक काळा कोट आमच्या दुकानात होता. हाताची काजं माझी चांगली होती, म्हणून तो कोट काजाला माझ्याकडं पाठवायचा, बटणं पुडीत बांधून. काजं झाली होती, बटणं लावायची राहिली होती. आबांनी हुकूम सोडला, "धाडून दे त्येचं त्येला." बांधताना मी पुडी सोडून बघितली तर एक मोठं बटण कमी. मशीनखाली हुडकलं, चिंध्यांत हुडकलं. मिळालं नाही. पुडी पुन्हा बांधली, कोटाच्या खिशात घातली आणि गारगोटीला जाणाऱ्या माणसाकडं दिली. कुणाला काही बोलले नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आईनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायची रीत. आईचा भाऊ चांगला धडधाकट, तीस मैलांवर बसून कोट शिवत होता, आणि ही परसात उभी राहून आभाळाकडं बघत तबक फिरवतेय. मला इतका संताप आला होता! कुणाचा आला ते मात्र कळत नव्हतं.

पुढच्या दिवाळीत चाचा भाऊबीजेच्या संध्याकाळी आपणहून घरात आले. घर दुकानाच्या मागंच, दोन खोल्यांचं. म्हणाले, "अक्का, मला ओवाळ की! मी काय मेलोय काय?" तोवर ते आईला वैनी म्हणायचे. त्या दिवसापासनं अक्का. आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. चाचा टोपी नीट करून पाटावर बसले. आईनं ओवाळलं तसं त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. आम्हाला वाटलं, काय माया आहे या माणसाची! पाच दिवाळ्या ते त्या पाटावर बसले आणि पाचही वेळा रडले.

आता एकोणसत्तर.

निकाल रेडिओवर ऐकला आणि आबांनी रेडिओ बंद करून टाकला. पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला होता. आणि पाडला कुणी? पक्षातल्याच माणसांनी. मतं द्यायची होती आमदार-खासदारांनी, आणि त्यांना दिल्लीतनं सांगावा गेला होता की ज्यानं त्यानं आपल्या आतल्या आवाजाला विचारून मत द्यावं. मी मॅट्रिक झालेली, दुकानात पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. 'सदसद्विवेकबुद्धी' असा शब्द छापला होता. आबांना तो म्हणता येईना. मी सांगितलं, "आबा, आतला आवाज म्हणा." तिथनं वाद पेटला.

पहिल्या दिवशी आबांचं म्हणणं, गद्दारी. दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले की उमेदवारच चुकीचा निवडला. तिसऱ्या दिवशी मी वाचून दाखवलं की पहिल्या मोजणीत कुणालाच निम्म्याच्या वर मतं पडली नाहीत, मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली आणि त्यात निकाल लागला. आबांचा भडका उडाला. "दुसरी पसंती म्हंजे काय? लगीन ठरवताना कोण सांगतंय काय, ही पयली पसंती आणि न्हाय जमलं तर ती दुसरी?"

"सांगत न्हाईत," चाचा मशीन चालवत म्हणाले, "पर मनात असती की मास्तर."

"मनात ठिव की मग! कागदावर कशाला आणतोस?"

बाहेर पाऊस धो धो पडत होता. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. दोघं शिवत होते आणि भांडत होते. एरवी असल्या वादाला मजा असायची. पण त्या वेळी आबा झोपत नव्हते, धड जेवत नव्हते. आपलंच माणूस आपल्याला पाडतं, हे एकच त्यांच्या डोक्यात गरगरत होतं. मामाचं नाव त्यांनी सहा वर्षांत घेतलं नव्हतं. त्या आठवड्यात घेतलं. "ह्यो सगळा मेव्हण्याचाच अवतार," म्हणाले. "घरातलं खायाचं आणि डब्यात काळं टाकायचं." तेव्हा चाचांच्या हातातली टोपी वाकडी शिवली गेली. मी ती उसवून दिली.

सातव्या का आठव्या दिवशी चाचा जरा आवाज चढवून बोलले. "मास्तर, मला एक सांग. माणूस पक्षात गेला म्हंजे त्यानं आत कायच ठेवायचं न्हाय का?"

"न्हाय ठेवायचं! टोपी घातली की डोकं पक्षाचं."

"मग टोप्याच निवडून द्या की, माणसं कशाला पायजेत?"

"तुला लई पुळका आलाय रं गद्दारांचा!"

"गद्दार त्यो, जो सांगतो एक आणि करतो एक. पर आत एक आणि डब्यात दुसरंच, हीबी गद्दारीच की. मग त्या बिचाऱ्यानं करायचं तरी काय?"

मी काज करत होते. सुई मध्येच थांबवून मी विचारलं, "चाचा, तुम्ही कधी ऐकलाय का हो आतला आवाज?"

थट्टेनं विचारलं असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. थट्टा नव्हती ती. ते पुढं येईलच.

आबा आठ दिवसांत पहिल्यांदा हसले. "ह्येच्या आत कसला आवाज! चहा पिला की गुडगुडतंय तेवढाच."

चाचांचं मशीन थांबलं. "एकदा ऐकला," ते म्हणाले.

"कवा रं?"

"सोसायटीच्या वक्ताला."

आबा अजून हसतच होते. त्यांना कळायला वेळ लागला. चाचा खाली मान घालून बोलत राहिले, जसं कुणी पाठ केलेलं म्हणतं तसं.

"काळं बटण माझं हुतं, मास्तर. आपल्या दुकानात काळं बटण कुठनं आणू? सगळं पांढरंच. त्या कोटाची पुडी हितं टेबलावर हुती, त्यातलं एक घेतलं. मूठ मिटून घिऊन गेलो, मूठ मिटूनच टाकलं. तू डब्यातनं ते वर काढलंस तवा बगितलं, कोटाचं हाय. माझा जीव गेला तितंच."

"शिंपी असून बटण बगितलं न्हाईस?" आबा म्हणाले. खरंच, पहिल्यांदा हेच म्हणाले ते. मग म्हणाले, "माझ्या विरोधात? तू?"

"त्यो तुझ्यापरास चांगला हुता. चार माणसांचं ऐकून घ्यायचा. तू कुणाचं ऐकत न्हाईस, मास्तर. आतनं जे आलं ते टाकलं, त्येची मला लाज न्हाय, खुदा जानता है. लाज हाय ती पुढची. दुसऱ्या दिवशी सांगणार हुतो. पर तू सकाळी आल्या आल्या म्हणलास, मेव्हण्यानं दगा दिला. मी गप्प बसलो. एक दिस गप्प बसलो, मग रोजच बसावं लागलं."

मधल्या दारात आई उभी होती. हातात तीन कपबशा. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पुढं आली आणि कपबशा टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवल्या. एरवी एवढ्यावरनं आबांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"भाऊ," आई म्हणाली, "तुमी माझ्या पाटावर बसलासा."

"अक्का…"

"अक्का म्हणू नगासा!" आई इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरनं छत्री घेऊन जाणारा एक जण थांबून आत बघायला लागला. "पाच दिवाळ्या! माझ्या हातनं ओवाळून घेतलासा, माझ्या हातचा लाडू खाल्लासा. त्यो तिकडं जिता हाय आणि त्येच्या पाटावर तुमी!"

आणि आबा? आबा भिंतीकडं बघून पुटपुटत होते, "सहा झाली असती. माझी सहा झाली असती. मी चेअरमन झालो असतो."

आई त्यांच्याकडं वळली. "तुमचं चेअरमनपद गेलं व्हय? माझा भाऊ गेला, भाऊ! बटण बोलतंय म्हणलासा. काय बोललं वो तुमचं बटण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी हातगाडी आणली आणि आपलं मशीन उचलून नेलं. आबांनी पाठ केली होती. चाचा दारात जरा घुटमळले, "येतो मास्तर" म्हणाले. मशीनच्या जागी फरशीवर चार गंजाचे डाग राहिले आणि ते मी पुष्कळ घासले तरी गेले नाहीत.

त्याच दिवशी आई म्हणाली, "मी गारगोटीला जातो. तू चल." आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. आबांना विचारलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणाला काही विचारलं नाही. नारळ घेतला, बेसनाचे लाडू घेतले, ठेवणीतलं लुगडं नेसली. एस.टी.त खिडकीतनं पाऊस आत येत होता आणि ही बाई माहेरी निघालेल्या पोरीसारखी बोलत सुटलेली. "आधी भांडंल बघ त्यो. लई तापट हाय. भांडू दे. शिव्या दिल्या तर मी खाणार. हात उचलला तरी खाणार. मग रडंल. ल्हानपणीबी तसंच करायचा, आधी मारायचा आणि मग आपणच रडायचा." मी हूं हूं करत होते.

मामाचं दुकान स्टँडपासनं जवळच. तो कोटाला कच्चे टाके घालत बसला होता. केस पिकले होते. आम्हाला बघून त्यानं सुई कापडात खोचली आणि उठला.

"या पावणं," तो म्हणाला. "बसा."

आमच्या भागात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. वाट विचारणाऱ्याला, एस.टी.त शेजारी बसलेल्याला, दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला. चांगला शब्द आहे, मानाचा आहे. पण सख्ख्या बहिणीला?

आई बसली. मामीनं पाणी आणलं, मग चहा. आईनं सगळं सांगितलं. बटण कुणाचं होतं, पुडीतनं कसं गेलं, चाचा पाटावर कसे बसले, सगळं. सांगताना ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आता फुटेल, मग फुटेल. तो टाके घालत ऐकत होता.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? अरं, तू न्हाईस टाकलंस! कळलं मला."

"पावणं, ह्यात मला नवीन काय सांगितलंसा?" मामाचा आवाज जराही चढला नाही. "म्या पांढरं टाकलं ते मला त्याच दिशी म्हायती हुतं. म्हायती नव्हतं ते तुमास्नी. तवा येऊन इचारायचं. एस.टी. तवाबी हुती."

आणि मग मामा माझ्याकडं वळला.

"ह्या पावण्यास्नीबी म्हायती हुतं."

आईनं माझ्याकडं बघितलं.

"कोट आला तवा पुडीत एक बटण कमी हुतं," तो म्हणाला. "तवाच मला कळलं, बटण तुमच्याच दुकानातनं गेलंय. काजं हिनं केलती, पुडी हिनं बांधलती. मी म्हणलं, पोरगी शिकलेली हाय, आज सांगंल, उद्या सांगंल. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी झालं असतं. दोन वर्सं पोस्टमनाची वाट बगितली मी. मग सोडून दिली."

आई मला म्हणाली, "व्हय गं?"

काय सांगू? पुडी सोडली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. बटण आमच्या दुकानातनं गेलं, तर ते आबांनी नेलं नाही तर चाचांनी. आबा स्वतःला पाडणार नाहीत. मग उरलं कोण? एवढं सरळ होतं. पण चाचांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, हातात पहिली सुई त्यांनीच दिलेली. मी तो विचार तिथंच दाबला. मशीनखाली पडलं असेल, असं स्वतःला बजावलं. पहिल्या भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळत होती तेव्हा मला राग आला तो माझा मलाच आला होता. पुढं चाचा पाटावर बसून रडायचे तेव्हा मला माहीत होतं ते का रडतात. माहीत असून मी तबकात सुपारी ठेवून द्यायचे. सहा वर्षांनी सांगायचं धाडस झालं नाहीच, फक्त एक टोमणा मारायचं झालं. आतला आवाज म्हणे!

"व्हय," मी म्हणाले.

नारळ आणि लाडू आईनं खुर्चीवर ठेवले. मामीनं आम्हा दोघींची ओटी भरली, दारात आलेल्या कुठल्याही सवाष्णीची भरतात तशी. मामा स्टँडपर्यंत सोडायला आला, आमच्या डोक्यावर छत्रीसुद्धा धरली. गाडी सुटताना म्हणाला, "सावकाश जावा." यायचं म्हणाला नाही. मी खिडकीतनं मागं वळून बघितलं तर तो केव्हाच पाठ फिरवून चालायला लागला होता.

गाडीत आई खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आलो तर आबा एकटेच पेपर पुढं धरून बसलेले. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. आई आत निघून गेली. तसे आबा मला म्हणाले, "पर मी म्हणतो, पक्ष हरला कशानं?"

शेवटपर्यंत ते हेच विचारत राहिले. त्याच साली पक्षाची दोन शकलं झाली, तेव्हा कुठल्या शकलाच्या टोप्या शिवायच्या ते त्यांना कळेना. शिवून ठेवलेल्या टोप्यांचा ढीग तसाच पिवळा पडला. वाद घालायला समोर कोण नव्हतं, म्हणून रिकाम्या जागेकडं बघून वाद घालायचे. चाचा त्याच पेठेत, पाच मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्याच्या दुकानात बसून पडदे शिवायचे. ते वारले तेव्हा आबा गेले नाहीत, आणि त्या दिवशी दुकानही उघडलं नाही. मामा पुन्हा कधी आला नाही. आईनं मरेपर्यंत चंद्राला ओवाळलं. हे सगळं पुढं ओळीनं झालं आणि मी ते बघत राहिले.

मला जे सांगायचं होतं ते मात्र गारगोटीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं की आईचे पाय धरायचे. तिला हवं ते बोलू दे, मारू दे. मी मागच्या दारानं आत गेले. आई चुलीपुढं बसली होती. मी दिसले तशी ती उठली, कोपऱ्यातला पाट घेतला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं मांडला.

"या पावणं," ती म्हणाली. "बसा. पाणी आणतो."